काळी जोडी

बहारीनमधल्या तुबलीतल्या गॅरेजांच्या रांगेत नजीब तुटकं पितळ डाग देऊन सांधतो. बोटीच्या कड्या, हॉटेलांचे कठडे, अरबांची कॉफीची भांडी, काहीही आणा. मूळचा रत्नागिरीचा. हुशार म्हणून त्याला कुणी नावाजलेलं नाही, पण शब्दाचा पक्का. नजीब बोलला म्हणजे झालं, असं सगळे म्हणतात. या लौकिकावर तो मनातून फार खूश असतो, आणि ते कुणाला कळत नाही असं त्याला वाटतं.

मनामातल्या एका चर्चच्या फादरनी त्याच्याकडे पितळी शमादानांची जोडी आणली. मेणबत्ती खोचायला वर सुळका, खाली मेण झेलायला ताटली. युरोपातली, पाचशे वर्षांपूर्वीची. तेव्हा अशी शमादानं चर्चच्या वेदीवर असत, तशी ऐपतदारांच्या जेवणाच्या टेबलावरही. एका गोऱ्या कुटुंबानं मायदेशी परतताना ही घरची जोडी चर्चला देऊन टाकली होती. दोन्हींची बुडं डुगडुगत होती.

"डाग दो, बस. पॉलिश मफी, बिलकुल नहीं," फादर म्हणाले. "ये कालापन ही इनकी उमर है."

नजीबनं शब्द दिला. डागही झकास दिला. गॅरेजात चोरीची भीती, म्हणून जोडी घरी आणली, ओट्यावर ठेवली आणि नमाजाला गेला. जोडी चर्चची आहे एवढं बायकोला, खदिजाला, म्हणाला; घासायची नाही, तेवढं सांगायचं राहिलं.

खदिजाच्या माहेरी ईद आली की घरभरचं पितळ चिंचेनं घासायची रीत. शेजारणीचं पातेलं आणलं तरी ते लखलखीत करूनच परत जायचं. नजीब घरी आला तेव्हा एक शमादान सोन्यासारखं झळकत होतं आणि दुसऱ्यासाठी खदिजा चिंच कोळत होती.

"अगो, काय केलंस हे?"

"काय म्हणजे? इबादतीच्या जागी जायची ना ती? अशी काळीमिच्च धाडू? लोक मना नावं ठेवतील."

नजीबनं दुसरं शमादान ओट्यावरून उचलून घेतलं. पाचशे वर्षांचं त्याला फारसं वाईट वाटलं नाही. शब्दाचं वाटलं, आणि फार वाटलं.

दुसऱ्या दिवशी खदिजाही बरोबर निघाली. घासलंय मी, तर बोलणीही मीच खाणार, म्हणाली. चर्चमध्ये पदर सावरून तिनं सरळ सांगितलं, "फादर, मैंने घिसा. इनका कसूर नहीं."

फादरनी झळकतं शमादान फिरवून फिरवून पाहिलं. "नजीब, तेरे भरोसे पे दिया था."

धरणी पोटात घेईल तर बरं, असं नजीबला झालं. धरणीनं मनावर घेतलं नाही.

फादर व्यवहारी माणूस. त्यांनी काळं शमादान काचेच्या कपाटात ठेवलं आणि कुलूप लावलं. "ये अँटिक है." मग दुसरं उचललं. "ये अब अँटिक नहीं रहा. इसे जलाने में हर्ज नहीं."

ते त्यांनी वेदीवर ठेवलं, सुळक्यावर जाडजूड मेणबत्ती खोचली आणि पेटवली. मेण ओघळून ताटलीत आलं. ताटली त्यासाठीच होती.

दोघं गाडीत येऊन बसली.

"त्या काळ्या शमादानाचं जीवाला लागलं माझ्या," खदिजा म्हणाली. "तुमचा शब्द पाळला त्यानं, आणि तेच कुलपात गेलं."

 नजीबनं गाडी सुरू केली.