उशिरा पोचलेली आठ उत्तरं

मोरेबाईंच्या नावापुढे शून्य होतं, आणि त्या मला फोनवर सांगत होत्या की त्यांनी आठही प्रश्नांची उत्तरं दिली होती.

"ताई, तुमच्या हापिसातून एका मुलीचा फोन आला होता. म्हणाली, आजी, तुम्ही खेळलाच नाय. स्पीकर चालू होता. शेजारच्या चार बायका बसल्या होत्या, त्या हसल्या. मी काय खोटं बोलते का?"

मी म्हटलं, बघते. समोर कागद होता आणि कागदावर शून्य होतं.

मी एका मराठी चॅनेलमध्ये फॉरमॅट डेव्हलपमेंट करते. फॉरमॅट म्हणजे कार्यक्रमाचे लिहून काढलेले नियम. खेळ कसा चालेल, किती वेळ चालेल, जिंकायचं कसं, सगळं त्यात येतं. माझ्याकडे इंटरॅक्टिव्ह कार्यक्रम असतात. म्हणजे घरी बसलेल्या माणसाने नुसतं बघायचं नाही, फोनवरून भागही घ्यायचा. असे कार्यक्रम सुचवणं सोपं आहे. घरातल्या माणसाला सोफ्यावरून हात हलवायला लावणं अवघड आहे.

त्या वेळचा माझा फॉरमॅट प्रश्नोत्तरांचा होता. पडद्यावर प्रश्न येणार, खाली दहा सेकंदांचं घड्याळ धावणार, तेवढ्यात फोनवर अ, ब किंवा क दाबायचं. सगळ्यात आधी बरोबर उत्तर देणारं घर व्हिडिओ कॉलवरून थेट कार्यक्रमात येणार. दहा सेकंदांच्या त्या मुदतीला आम्ही विंडो म्हणतो. विंडो बंद झाली की उत्तर घेत नाहीत.

टेस्टसाठी आम्ही मुंबई-पुण्यातली काही घरं घेतली. ग्रामीण घरं महाड, त्याजवळचं नाते गाव आणि पोलादपूर इथली घ्यावीत, असा हट्ट माझा होता. मी महाडची. वडील तिथल्या कोर्टात क्लार्क होते. माणसं ओळखीची, शब्द टाकला की नाही म्हणत नाहीत. मोरेबाई पोलादपूरच्या. अंगणवाडी सेविका म्हणून निवृत्त झालेल्या. माझ्या मावसबहिणीने त्यांचं नाव सुचवलं होतं. एका रविवारी दुपारी, जुने भाग परत दाखवायच्या वेळात, आम्ही आठ प्रश्नांचा तुकडा चॅनेलवर सोडला. उत्तरं फक्त नोंदवलेल्या फोनवरूनच देता येत होती.

मुंबई-पुणे छान खेळलं. महाडमधून थोडी उत्तरं आली, नाते गावातून त्याहून कमी. पोलादपूरच्या चारही घरांपुढे शून्य.

राजीव सर आमचे प्रोग्रॅमिंग हेड. चॅनेलवर काय दिसणार आणि काय नाही, हे ते ठरवतात. त्यांनी शीट पाहिली आणि ती उलटी करून टेबलावर ठेवली. त्यांचं म्हणणं सरळ होतं. गावाकडचा प्रेक्षक मालिका बघतो, खेळत नाही. कार्यक्रम शहरांपुरता करू, लहान करू, चॅनेलच्या अॅपवर टाकू. माझ्या दीड वर्षाच्या कामाचं ते श्राद्धच होतं, फक्त आवाज सौम्य होता.

मी मोरेबाईंच्या फोनचं सांगितलं. ते म्हणाले, "लोकांना वाईट दिसायचं नसतं. विसरल्या असतील आणि आता दिली म्हणतायत."

तसं होऊ शकतं. टेस्टमध्ये लोक खोटं बोलतात, हे मला माहीत आहे. पण खोटं बोलणारा माणूस स्वतःहून फोन करत नाही. मी दोन दिवसांची रजा टाकली आणि पोलादपूरला गेले.

मोरेबाईंचं घर फाट्यापासून जरा वर, उतारावर आहे. घरात त्या, त्यांचे यजमान तात्या आणि सून वैशाली. मुलगा कामासाठी पनवेलला असतो. नोंदवलेला फोन वैशालीचा होता. मोरेबाई उत्तर सांगत आणि वैशाली बटण दाबे, अशी त्यांची वाटणी.

मोरेबाईंनी मला पाणी दिलं, पण माझ्याकडे नीट बघितलं नाही. चहा करू का, असं वैशालीने विचारलं. मोरेबाई म्हणाल्या, "आधी त्यांचं काम होऊ दे." मला ते लागलं. त्यांचंही बरोबर होतं. माझ्या शब्दावर त्या खेळल्या होत्या आणि त्यांचं हसं झालं होतं.

मी ऑफिसात फिरोजला फोन लावला. फिरोज आमचा ब्रॉडकास्ट इंजिनियर. कमी बोलतो, म्हणून त्याचं पटतं. तो कंट्रोल रूममध्ये, म्हणजे जिथून चॅनेल बाहेर पडतं त्या खोलीत बसला. मी मोरेबाईंच्या टीव्हीसमोर बसले. चॅनेलवर एक जुनी मालिका चालू होती. ठरवलं असं की जाहिरात सुरू होताच त्याने 'आता' म्हणायचं आणि मी फोनवरचं स्टॉपवॉच चालू करायचं.

"आता," फिरोज म्हणाला.

आमच्या टीव्हीवर सासू अजून बोलत होती. तिचं वाक्य संपलं. सून वळली. सुनेच्या डोळ्यांत पाणी आलं. मग जाहिरात आली. मी घड्याळ थांबवलं. सात सेकंदांच्या वर झाले होते.

आम्ही तीनदा मोजलं. तीनदा तेच.

कारण फिरोजने समजावलं, तेही चार वाक्यांत. चॅनेलचं चित्र उपग्रहावर जातं आणि खाली येतं. घरावर छत्री, म्हणजे डिश अँटेना, असेल तर छत्रीवाली कंपनी ते चित्र घेते, दाबून लहान करते आणि पुन्हा उपग्रहावर पाठवते. प्रत्येक टप्प्यावर वेळ जातो. केबलवर कमी जातो, छत्रीवर जास्त.

मुंबई-पुण्याच्या आमच्या घरांत केबल होती. महाडात काही घरांत केबल, काहींत छत्री. पोलादपूरला चारही घरांत छत्री. म्हणजे मोरेबाईंना प्रश्न दिसायचा तेव्हा दहातले सात सेकंद संपलेले असायचे. पडद्यावरचं घड्याळ मात्र त्यांना पूर्ण दहा सेकंद दाखवत होतं. त्यावर भर म्हणजे उतारावर नेटवर्क दुबळं. बटण दाबल्यावर फोनवर गोल चक्र फिरत राहायचं.

"मग माझी उत्तरं गेली कुठं?" मोरेबाईंनी विचारलं.

हा प्रश्न मी विचारायला हवा होता. फिरोज म्हणाला, उशिरा आलेलं उत्तर सिस्टीम टाकून देते, मोजत नाही. तसा नियम कोणी दिला होता, हे त्याने सांगितलं नाही. मला माहीत होतं. फॉरमॅटच्या चौथ्या पानावर मीच लिहिलं होतं: विंडोनंतर आलेली उत्तरं ग्राह्य धरू नयेत. उशिरा आलेलं आणि न आलेलं, दोन्हींना माझ्या कागदावर एकच जागा होती.

सर्व्हरवर कच्ची नोंद असते, ती काही दिवसांनी पुसली जाते. अजून असेल तर शोधतो, तासभर लागेल, असं म्हणून फिरोजने फोन ठेवला.

आम्ही ओटीवर येऊन बसलो. आता चहा आला. खाली फाटा दिसत होता. मुंबईकडून आलेली गाडी तिथे येते आणि एक तर डावीकडे महाबळेश्वरच्या घाटाला लागते, नाहीतर सरळ कशेडीकडे, कोकणातल्या गावांच्या वाटेने जाते. तात्या खाली बघत बसले होते. एक पांढरी गाडी आली.

"घाट," तात्या म्हणाले.

"नाय, सरळ," मोरेबाई म्हणाल्या. "वर बघा की. टपावर बोचकी बांधलीत, पाठीमागं कुकरचं खोकं हाय. गावाला चाललेत. हवा खायला जाणारा कुकर नेतो व्हय?"

गाडी सरळ गेली. तात्यांनी मान हलवली. वैशालीने मला सांगितलं की हे रोजचं आहे. दुपारी कामं आटपली की तिघं बसतात. सासू-सासऱ्यांचं एकमत झालं की ती मुद्दाम उलटं बोलते. मग एक मोटरसायकल आली, मागे बसलेल्या बाईच्या मांडीवर कागदी पुडकं होतं. त्यावरून पाच मिनिटं वाद झाला. माझंही एक मत झालं आणि ते मी बोलून टाकलं. मी चुकले. मोरेबाई त्या दिवशी पहिल्यांदा माझ्याकडे बघून हसल्या.

मी फोन काढला आणि फाट्यावरच्या गाड्यांचं शूटिंग घेत बसले. तेव्हा मनात काही पक्कं नव्हतं. फक्त एवढं दिसत होतं की ही माणसं खेळत नाहीत, असं कोणी म्हणू नये.

फिरोजचा फोन आला. नोंद सापडली होती. वैशालीच्या नंबरवरून आठ उत्तरं, आठही विंडोनंतर. त्यातली सात बरोबर.

मी मोरेबाईंना सांगितलं. माझ्या नियमामुळे असं झालं, हेही सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "चुकलं ते कुठलं?" मी सांगितलं. त्या वैशालीकडे वळल्या. "मी ब म्हटलं होतं ना गो? तूच अ दाबलंस." वैशालीने ते नाकारलं नाही.

मग त्या उठल्या आणि म्हणाल्या, "हे आता शेजारी सांगा. त्याच हसल्या होत्या." मी गेले. चार बायकांपैकी दोघी घरी होत्या. त्यांच्यासमोर मी सगळं पहिल्यापासून सांगितलं, छत्रीपासून चौथ्या पानापर्यंत. चॅनेलच्या मीटिंगमध्ये इतकं जपून मी कधी बोलले नव्हते. एका बाईने विचारलं, "म्हंजे हिची उत्तरं बरोबर होती?" मी हो म्हटलं. तेवढं पुरलं.

मुंबईला परतल्यावर राजीव सरांनी फिरोजची आकडेमोड वाचली आणि मान्य केली. त्या बाबतीत माणूस सरळ आहे. पण अडचण संपली नव्हती.

"विंडो किती करशील? तीस सेकंद?" त्यांनी विचारलं. "तीस सेकंदांत लोक फोनवर उत्तर शोधतील. मग खेळ कसला?"

बरोबर होतं. विंडो लहान ठेवली तर छत्रीवालं घर हरणार. मोठी केली तर प्रश्नाला अर्थ उरत नाही. पहिलं बोट कोणाचं, यावर उभा असलेला खेळ पोलादपूरला न्यायाने खेळताच येत नव्हता. वेगच काढून टाकायला हवा होता. आणि शोधून सापडणार नाही असं उत्तर हवं होतं.

त्यांनी आठ दिवस दिले. मला चार लागले. पुढच्या मीटिंगला मी कागद नेला नाही, फाट्याचं शूटिंग नेलं. एक निळी गाडी येते, फाट्याजवळ वेग कमी करते. तिथे मी चित्र थांबवलं आणि विचारलं, डावीकडे जाईल की सरळ?

राजीव सर म्हणाले, गाड्या बघायला कोणी टीव्ही लावणार नाही. मी म्हटलं, चालेल, पण ही कुठे जाईल? सेल्सच्या बाई म्हणाल्या, घाटात, कारण ड्रायव्हर चष्मा लावून ऐटीत बसलाय. लीगलचा माणूस म्हणाला, सरळ, कारण काच बंद आहे आणि मागची मुलं झोपलीत. लांबून येतायत, लांब जाणार. फिरोजनेही तोंड उघडलं. सगळे स्क्रीनच्या जवळ सरकले. बराच वेळ कोणी चहाला हात लावला नाही.

शेवटी राजीव सरच म्हणाले, "अगं, पण गेली कुठे?"

मी चित्र सोडलं. गाडी फाट्यावर थांबली. आतून एक माणूस उतरला आणि टपरीवर पत्ता विचारायला गेला.

नवा फॉरमॅट असा झाला. रोजच्या जगण्यातला एक तुकडा दाखवायचा. बाजारात घासाघीस करणारी बाई, एसटी स्टँडवर दोन पिशव्या सांभाळत उभा असलेला माणूस. ऐन वेळी चित्र थांबवायचं. पुढे काय होईल, हे घराने मिळून ठरवायचं. मुदत अख्ख्या जाहिरातींच्या ब्रेकची. आधी कोणी सांगितलं, याला किंमत नाही. ज्या घराने उत्तराबरोबर जोरात वाद झाल्याचं कळवलं, त्या घराला फोन लावायचा आणि दोन्ही बाजू ऐकायच्या.

दुसऱ्या टेस्टला पोलादपूरची चारही घरं खेळली. नाते गावातल्या एका घरात सासू-सुनेने दोन वेगवेगळी उत्तरं पाठवायचा प्रयत्न केला. राजीव सरांनी ती शीट सरळ ठेवली.

कार्यक्रम प्राइम टाइमला गेला नाही. रविवारी दुपारी आला, एक सीझन चालला, बरा चालला. दुसरा सीझन मिळाला नाही, कारण ती वेळ सिनेमाला दिली गेली. शेवटच्या भागाच्या नावांच्या यादीत 'विशेष आभार' या शब्दांपुढे मोरेबाईंचं नाव मी भांडून घालून घेतलं. दुसऱ्या दिवशी त्यांचा फोन आला. म्हणाल्या, नाव आलं खरं, पण पाटी इतकी जोरात पळाली की वाचता आली नाय. तात्यांना विचारलं, तर ते म्हणतात दिसलीच नाय.

मी त्यांना त्या पाटीचा फोटो पाठवला. तो त्यांनी शेजारीही पाठवला, असं वैशालीने कळवलं.

आता मी कुठलाही फॉरमॅट लिहिते तेव्हा नाकारलेल्या उत्तरांसाठी शीटवर वेगळा रकाना ठेवते. बहुतेक वेळा तो रिकामाच असतो. तरी ठेवते.