एक नंबरची फळी

सबस्टेशनच्या मुख्य ऑपरेटरला सगळे हेडमास्तर म्हणत, आणि ते काही उगाच नव्हे. साधी चप्पल वाकडी पडली तरी हा गृहस्थ तासभर शिस्तीवर बोलणार. माणूस सोन्यासारखा, पण तोंडाला कुलूप म्हणून नाही!

त्या दिवशी दुपारी एकला धरणावरून फोन आला. पाणी सोडलंय, चारपर्यंत नदी तुमच्या भिंतीला लागेल. भिंतीची काळजी नव्हती, मागच्या पुरानंतर सबस्टेशनभोवती चांगली पुरुषभर उंच बांधली होती. प्रश्न होता फाटकाचा. त्याच्या दोन्ही खांबांना खाचा होत्या, आणि पूर आला की त्यांत हातभर रुंदीच्या चार ॲल्युमिनियमच्या फळ्या एकावर एक सरकवायच्या. त्या बसल्या नाहीत तर पाणी थेट कंट्रोल रूममध्ये, आणि मग हॉस्पिटलसकट अर्धं शहर आठवडाभर अंधारात.

आता सहा वर्षांत पूर फिरकला नाही म्हटल्यावर फळ्या कशाला जागेवर राहतायत? चांगली मजबूत फळी नुसती पडलेली दिसली की आपल्या लोकांचे हात शिवशिवतात.

"अर्ध्या तासात सगळ्या फळ्या इथे पाहिजेत!" हेडमास्तर कडाडले. "कोणी नेल्यात ते मला पक्कं ठाऊक आहे!"

ठाऊक होतंच. एकीवर कारकूनबाईंनी फायली रचल्या होत्या, दुसरीवर कॅन्टीनवाला भाजी चिरायचा, तिसरीचं वॉचमननं बाकडं केलं होतं. तिन्ही निमूट परत आल्या. आणणाऱ्या प्रत्येकाची हेडमास्तरांनी बिनपाण्यानं केली. "लाज नाही वाटत? कामावरची वस्तू घरची समजता?" कारकूनबाई तर रडकुंडीला आल्या.

वॉचमन फळ्यांवरचे आकडे बघत खाचेशी वाकला. "दोन, तीन, चार. सर, सगळ्यात खाली एक नंबर लागते, खालचं रबर तिलाच आहे. ती नसेल तर या तिन्हींचा काही उपयोग नाही. एक नंबर कुठाय?"

हेडमास्तरांनी आभाळाकडे पाहिलं. मग घड्याळाकडे. अडीच वाजून गेले होते. ते फोन घेऊन कोपऱ्यात गेले, पण तो आवाज कसला कोपऱ्यात मावतोय!

"अगं, बाबांना उठव. हो, आत्ताच्या आत्ता. गादीखालची फळी काढ आणि टेम्पोत घालून पाठव."

 मग कारकूनबाईंनी डोळे पुसले आणि अगदी हेडमास्तरांच्याच सुरात विचारलं, "लाज नाही वाटत?"

"वाटते हो," हेडमास्तर म्हणाले आणि त्यांनी सरळ कान धरले. असा हशा पिकला की काही विचारू नका.

सव्वातीनला टेम्पो आला. पुढच्या सीटवर म्हातारा स्वतः! दोन वर्षांपूर्वी पाठीसाठी डॉक्टरांनी टणक बिछाना सांगितला, तेव्हा लेकानं ही फळी घरी नेली होती. "माझा बिछाना निघाला, मी मागे राहून काय करू?" म्हातारा म्हणाला.

एक नंबर बसली, वर बाकीच्या तीन बसल्या. चारला पाणी आलं, तिसऱ्या फळीपर्यंत चढलं, तिथेच घुटमळलं आणि सकाळी उतरलं. आत टिपूस नाही. शहरात एक दिवासुद्धा लुकलुकला नाही.

घरी आल्या आल्या हेडमास्तर वडिलांच्या पलंगाशी गेले. "बाबा, आठवड्याभरात तुम्हाला तश्शीच फळी करून आणतो. या वेळी माझ्या पैशानं."

म्हातारा दचकून उठूनच बसला. "नको रे बाबा, पाया पडतो! काल दोन वर्षांत पहिल्यांदा गाढ झोप लागली. त्या फळीवर कूस बदलायची म्हणजे खाली पडायची भीती."

"अहो, मग बोलला का नाहीत?"

"एवढी जड वस्तू तू जिना चढून आणलीस, घामानं भिजला होतास. किती आनंद झाला होता तुला! कोणत्या तोंडानं सांगू? आणि तुझं बोलणं सुरू झालं की मधे शिरायला जागा असते का रे? कधी विचारलंस, दुखतंय का म्हणून?"

हेडमास्तर पलंगाच्या कडेला बसले. 

"दुखतंय का, बाबा?"

"दुखतंय की. इथे, डावीकडे. जरा चेप बघू."