न तुटणारी कवळी

तिसऱ्यांदा कवळी तुटून आली, तेव्हा मी कवळ्या बनवून देणाऱ्या पुण्याच्या लॅबवाल्याला फोन लावून चांगलंच झापलं.

"तुमचं मटेरियल बोगस आहे."

"डॉक्टर, बाकी कुणाची तुटत नाही हो," तो म्हणाला.

मी फोन आपटला. नव्वदच्या दशकात दौंडमध्ये आम्ही दातांचे डॉक्टर बोटांवर मोजण्याइतके होतो. त्यांत सगळ्यात चांगली कवळी माझी, असं माझं स्वतःचं प्रामाणिक मत होतं. त्यामुळे हा अपमान मी फारच मनावर घेतला होता.

कवळी म्हणजे नकली दातांचा अख्खा सेट. वरची कवळी टाळूला चिकटून बसते. ती अ‍ॅक्रिलिकची, म्हणजे एक प्रकारच्या कडक प्लास्टिकची असते. धुताना हातातून निसटून पडली तर तुटते. तोंडात असताना सहसा तुटत नाही, आणि तुटलीच तर वर्षानुवर्षं चावून मधोमध चीर जाते. शेवंताबाईंची कवळी मात्र दर वेळी डावीकडे, सुळ्याजवळ तुटायची. तीही एका वर्षात तीनदा.

शेवंताबाई (हे नाव मी बदललंय) सत्तरीला टेकलेल्या. कासुर्डीहून एसटीने नवऱ्याबरोबर यायच्या. नवऱ्याला सगळे आबा म्हणत, म्हणून मीही म्हणायचो. स्वच्छ धोतर, कडक टोपी, बोलणं अदबीचं. भावकीतले तंटे मिटवायला लोक त्यांनाच बोलवायचे. मी शेवंताबाईंना विचारायचो, "मावशी, कशी तुटली?" आणि उत्तर द्यायचे आबा.

"हिच्या हातात काय टिकतंय व्हय, डॉक्टरसाहेब? आता पितळंची घडवा."

आम्ही दोघं हसायचो. शेवंताबाई खुर्चीत आडव्या, तोंड उघडं. त्या हसत नाहीत ते तोंड उघडं असल्यामुळे, अशी माझी समजूत होती.

मी निदान केलं की बाई डावीकडेच चावतात. म्हणून डावीकडचे दात घासून कमी केले. शिवाय कवळी धुताना खाली टॉवेल कसा अंथरायचा, यावर त्यांना दहा मिनिटांचं लेक्चर दिलं. त्या मान हलवत ऐकत होत्या. शेवटी मी नवी कवळी करून तिच्यात बारीक धातूची जाळी घातली. आबांच्या हातात देऊन ऐटीत म्हणालो, "आता हातोडा मारा, तुटणार नाही!"

हे वाक्य मी म्हणालो होतो, हे लिहायला आजही नको वाटतं.

दीड महिन्याने शेवंताबाई एकट्या आल्या. पदर तोंडावरून घेतलेला, कवळी रुमालात. "बसंना झालीय," म्हणाल्या. मी आधी कवळी उजेडात धरली. एक चरासुद्धा नव्हता. मला इतका आनंद झाला, की मी आमच्या असिस्टंट कमलताईंना हाक मारली, "बघा, याला म्हणतात काम!"

कमलताईंनी कवळीकडे पाहिलंच नाही. त्यांनी शेवंताबाईंचा पदर हळूच बाजूला केला. डावा गाल सुजून काळानिळा झाला होता. आतून फाटला होता.

"जाळी चांगली हाय तुमची," शेवंताबाई म्हणाल्या. "मोडली न्हाई. समदं गालावर आलं."

समोरचा माणूस उजव्या हाताने मारतो तेव्हा हात डाव्या गालावर बसतो. हे कळायला डिग्री लागत नाही. आधीची कवळी मोडायची आणि थोडाफार मार स्वतःवर घ्यायची. मी ती मजबूत केली आणि गाल तिच्या कडेवर फाटला. मी टाके घातले. बाई गेल्यावर कमलताईंना विचारलं, "तुम्हाला माहीत होतं?"

"पयल्या बारीलाच कळलं."

"मग बोलला का नाहीत?"

"तुमी आबांसंगं हसत व्हता, सर."

इतकी लाज मला आयुष्यात कधी वाटली नव्हती. आणि लाज वाटली की माझ्यासारखा माणूस काय करतो? आणखी एक गाढवपणा. मी आबांना निरोप पाठवून बोलावून घेतलं आणि घसा खाकरून म्हणालो, "आबा, या वयात हे शोभतं का?"

आबांनी शांतपणे टोपी सारखी केली. "डॉक्टरसाहेब, तुम्ही दात बघा. घर मी बघतो."

त्यानंतर शेवंताबाई टाके दाखवायलासुद्धा आल्या नाहीत. कमलताई म्हणाल्या, "तुमी त्यांना सांगितलंत, म्हंजी मावशीनं तुमाला सांगितलं. आता त्याचं बी मावशीलाच भोगावं लागनार." हे मला सुचलंच नव्हतं. बायकांसाठीचा घरातल्या हिंसेविरुद्धचा वेगळा कायदा तेव्हा झालेला नव्हता. पोलिसांत जायचं, तर संध्याकाळी बाईला त्याच घरात परत जायचं होतं. दोन महिने मी रोज दाराकडे बघत होतो. माझ्यामुळे त्यांनी किती मार खाल्ला असेल, याचा विचार जेवतानाही सुटत नव्हता.

मग एक दिवस आबाच त्यांना घेऊन आले. दोनेक महिन्यांनी भावकीत लग्न होतं. कवळी सैल झाली होती, आणि बोळक्या तोंडाची बायको चारचौघांत न्यायची आबांची तयारी नव्हती. या वेळी कमलताईंनी आबांना बाहेरच बसवलं. "आत औषधाचा वास हाय आबा, ठसका लागंल." दार लावलं आणि शेवंताबाईंना विचारलं, "मावशी, तुमच्या मनात काय हाय?"

वर्षभरात हा प्रश्न मी एकदाही विचारला नव्हता.

"शिरूरला लेकीकडं जायाचंय," त्या म्हणाल्या. "ती लय दिस बोलावतीय. पर कारन काय सांगू?"

"मार खाता, हे कारण नाही का?" मी म्हणालो.

"ते तर लग्न झाल्यापासनं हाय, डॉक्टर. त्याला कोन कारन म्हनंल?"

मी तेव्हा आठवड्यातून दोनदा न्हावऱ्यावरून शिरूरला जाऊन तिथे प्रॅक्टिस करायचो. मी लेटरहेड ओढलं आणि लिहिलं: कवळी घट्ट बसण्यासाठी हिरड्यांची मशीनवरची विशेष ट्रीटमेंट, शिरूर क्लिनिक, आठवड्यातून दोनदा, दोन महिने, तोवर मुक्काम शिरूरलाच. असं मशीन शिरूरला नव्हतं. कुठंच नव्हतं.

आबांनी कागद दोनदा वाचला. "मशीन हितं का न्हाई?"

"त्याला थ्री फेज लागतं," मी ठोकून दिलं.

"आमच्या विहिरीवर हाय थ्री फेज."

मी पेनाचं टोपण शोधायला लागलो. कमलताई मात्र वेटिंगमधल्या सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "आबा काय न्हाई म्हनायचे न्हाईत! मालकिनीच्या दुखण्याला आबा मागं सरतील व्हय?" पाच-सहा माना आबांकडे वळल्या. आबांनी कागद घडी करून खिशात ठेवला.

दोन महिने शेवंताबाई लेकीबरोबर शिरूरच्या क्लिनिकमध्ये येत होत्या. मी हिरड्या तपासायचो. हिरड्या उत्तम होत्या. मिठाच्या पाण्याने चूळ भरून त्या घरी जायच्या. अंगावर जरा मांस चढलं होतं, आणि लेकीशी बोलताना त्या हसायच्याही. कवळीत बाई किती छान दिसते हे मला तेव्हा कळलं.

दोन महिने संपले आणि आबा त्यांना न्यायला शिरूरच्या क्लिनिकवर आले, तेही नेमके बाजारच्या दिवशी. वेटिंगमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. मी तयारीत होतो. ट्रीटमेंटची सेकंड स्टेज अख्खी पाठ केली होती.

"आबा, त्याचं असं आहे, हिरड्यांच्या आतल्या भागात अजून..."

"गप बसा डॉक्टर," शेवंताबाई म्हणाल्या आणि बाकड्यावरून उठल्या. त्या आबांच्या समोर जाऊन उभ्या राहिल्या. "माज्या हिरड्यांला काय बी झालेलं न्हाई. मशीन बी न्हाई हितं. तुमी मारता, म्हनून आलीय मी. आता न्हाई येनार."

 आबांनी आधी लोकांकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी हातातल्या ट्रेमधल्या चिमट्याकडे बघत राहिलो.

"चल. घरी बोलू," आबा खालच्या आवाजात म्हणाले.

"काय बोलायचं ते हितं बोला."

इथे बोलता येईल असं आबांकडे काही नव्हतं. ते चपला घालून निघून गेले. भावकीतून दोनदा निरोप आले, पण शेवंताबाई शेवटपर्यंत लेकीकडेच राहिल्या. लग्नालाही गेल्या, लेकीचा हात धरून. त्यांना 'कारन' लागलं ते फक्त निघण्यापुरतं. पुढचं त्यांनी स्वतःच केलं, आणि मी जे काही केलं त्यातलं निम्मं नसतं केलं तर ते लवकर झालं असतं.

आता कुणाची कवळी तुटून आली, की मी सोबतच्या माणसाला बाहेर बसवतो, पेशंटला एक प्रश्न विचारतो आणि गप्प राहतो. गप्प राहणं मला अजून नीट जमत नाही. मी मध्येच बोलायला लागलो, की कमलताई ट्रे आपटतात.