टाळलेली जोड

उजवा हात पुढे, तळवा आभाळाकडे उघडा, आणि तोंडाने दोनच शब्द: "हाय कोनी?" जत्रेतल्या शेवटच्या कुस्तीआधी आमचा पैलवान अशी कुस्तीच्या फडाला फेरी मारायचा. ज्याला त्याच्याशी लढायचं असेल त्याने त्या तळव्यावर आपला हात ठेवायचा. हात ठेवला की जोड ठरली. मग माघार नाही.

ही सवय त्याला घरीदारीही लागली होती. बैल बघायला गेला तरी तळवा पुढे, सोयरीक जुळवायला गेला तरी तळवा पुढे. कुणी फार बोलायला लागलं की म्हणायचा, "हात दे, मंग बोल." एकदा हिंगोलीच्या दवाखान्यात डॉक्टरीणबाई गुडघ्याबद्दल लांबलचक समजावून सांगत होत्या, तर त्याने त्यांच्यापुढेही तळवा धरला. बाईंना वाटलं नाडी बघायला सांगतोय. त्यांनी नाडी बघितली आणि चांगली आहे म्हणाल्या.

त्याचं घर आणि माझं घर यांच्यात एकच भिंत. शेतं बांधाला बांध. तालमीत रोज त्याच्यासमोर उतरणारा गडी मीच. त्याने मला जितक्या तऱ्हांनी पाडलं तितक्या तऱ्हांनी या मुलखात दुसऱ्या कुणाला पाडलेलं नाही. हा मान माझा आहे, तो मी कुणाला देणार नाही.

दारातून येताना त्याचा आधी खांदा यायचा, मग बाकीचा माणूस. कान मुडपून गेलेले. आवाज मात्र बारीक. एवढ्या देहातून असा आवाज निघाला की नवीन माणूस मागे वळून बघायचा, दुसरं कुणी बोललं का. आणि एक रीत त्याची मी दुसऱ्या पैलवानात पाहिली नाही. समोरच्याला चीत केलं की लोक याला खांद्यावर घ्यायला धावायचे, हा त्यांना थांबवायचा. पडलेल्याला हात देऊन उठवायचा, आपल्या फेट्याच्या टोकाने त्याची पाठ पुसायचा. म्हणायचा, "माती घेऊन घरी जाऊ ने. माय इचारते."

आता मुद्द्यावर येतो. गोरेगावच्या स्टँडवर चहाच्या हॉटेलात तरणी पोरं मोबाइलवर बॉक्सिंग बघत बसतात. ते सगळ्यात जड वजनाचे, काळे-गोरे, डोंगरासारखे गडी. पोरं भांडतात. एक म्हणतो हा जगात भारी, कुणाला हरला नाही. दुसरा म्हणतो, हरला नाही कारण ज्याच्याशी लढायला पाहिजे होतं त्याला टाळलं, सोपे सोपे गडी घेतले. हे भांडण परदेशातलं आहे असं त्यांना वाटतं. मला हसू येतं. हे आमच्या फडात कधीच होऊन गेलंय, आणि गेली कित्येक वर्षं मला लोक विचारतात, तुमच्या पैलवानाने फुलसिंगला टाळलं का?

फुलसिंग म्हणजे माळापलीकडच्या तांड्यावरचा. त्याला वस्ताद नव्हता, तालीम नव्हती. नांगर ओढून ओढून झालेलं अंग. लहान जत्रांमध्ये, रेवड्या-नारळाच्या कुस्त्यांत जो येईल त्याला तो आडवा करायचा. पण मोठ्या जत्रेत शेवटची जोड कमिटी लावते, आणि कमिटीचे आबा म्हणायचे, त्याला नाव नाही. आमचे वस्तादही तेच म्हणायचे. पैलवानाने नाव असलेल्यालाच हात द्यावा. आता बघा गंमत. नाव नाही म्हणून जोड नाही, आणि जोड नाही म्हणून नाव नाही. दोन्ही दोऱ्या एकाच खुंट्याला.

एका वर्षी फुलसिंग फडाच्या अगदी काठावर बसला. पैलवान तळवा पुढे करून फेरी मारत आला. फुलसिंगने हात वर केला. मागून वस्ताद खाकरले. आणि पैलवानाचा तळवा फुलसिंगच्या हातापासून चार बोटं अंतरावरून पुढे निघून गेला. पुढे जाऊन त्याने वाशिमकडच्या एका पैलवानाचा हात घेतला आणि हलगीचा ठेका पुरता धरायच्या आत त्याला पाडलं. लोकांनी शिट्ट्या मारल्या. फुलसिंगचा हात अजून वरच होता. मी पाहिला. पैलवानानेही पाहिला. त्या दिवशी तो पडलेल्या गड्याची पाठ पुसायला विसरला.

पुढे वस्ताद वारले. पैलवानाचा गुडघा झिजला. चाळिशी आली, तसं त्याने जत्रा सोडली आणि हळदीचं शेत धरलं. न पडलेला पैलवान म्हणून नाव राहिलं. कुठल्याही लग्नात पहिल्या पंगतीला बसवायचे. दुसरा कुणी असता तर त्या नावावर जन्म काढला असता.

एका दुपारी हळद शिजवत होतो. कढईची वाफ अंगावर येत होती. पैलवान अचानक म्हणाला, "गड्या, म्या त्याला टाळलं."

मी म्हटलं, वस्तादांनी टाळलं. गुरूचा शब्द होता, तुझा काय दोष?

"वस्ताद खाकरले," तो म्हणाला. "पाय माझे वळले."

मी कढईखाली लाकूड सारलं.

दुसऱ्या दिवशी जीपने आम्ही तांड्यावर गेलो. पैलवानाचे हात हळदीने पिवळे होते, धुऊन जात नव्हते. फुलसिंग बैलांना पाणी दाखवत होता. पैलवानाने तळवा पुढे केला. फुलसिंगने तो बघितला आणि बैलाच्या पाठीवर थाप मारत उभा राहिला.

"आता काहून?"

"तवा आलो न्हाई म्हून."

"तुमचा गुडघा गेला पैलवान. म्या तुमाला पाडलं तर लोक म्हनतील म्हातारा पाडला. आन न्हाई पाडलं तर म्हनतील म्हाताऱ्यालाबी हरला. माझं यात काय हाय?"

फुलसिंगची बायको दारातून सगळं ऐकत होती. तिने दोन कप आणून ठेवले आणि म्हणाली, पाव्हनं उशिरा आलं, च्या निवला. चहा गरम होता. बोलणं कशाबद्दल होतं ते पैलवानाला बरोबर कळलं. त्याने मान खाली घालून चहा प्याला.

तरी तो जात राहिला. कधी बैलासाठी सरकी घेऊन जायचा, कधी नुसताच. दारापुढे बसायचा, त्यांच्या ताटातली भाकर खायचा, परत यायचा. फुलसिंग नाही म्हणायचा. माझ्यात आणि पैलवानात यावरून अबोला झाला. मी म्हटलं, न पडलेला माणूस आपल्या हाताने पडायला काहून चालला? तो म्हणाला, "पडायला न्हाई चाललो. लढायला चाललो. पडनं-पाडनं मंग."

शेवटी फुलसिंगनेच अट घातली. तयारी करून या. जत्रेला अवकाश आहे. दम आणा, अंग आणा. सुस्त पैलवान मला नको. तुमचा पुरा कस निघाल्यावर पाडीन, नाहीतर हात देणार नाही.

मग काय, पैलवान पुन्हा तालमीत. पहाटे जोर-बैठका, गुडघ्याला तेल, आणि समोर उतरायला मी. माझा अबोला त्याने पहिल्याच दिवशी मातीत घातला. माझी बायको भिंतीवरून त्याच्या बायकोला म्हणायची, तुमच्याला खाज आली, आमच्याची कंबर काहून मोडता? त्याची बायको म्हणायची, पोरीला स्थळ बघायच्या वयात हा माणूस कुस्तीची लांग धूत बसलाय. पण दुधाचा तांब्या ती चुकवायची नाही. महिनाभराने त्याचं अंग असं परतलं की मला त्याची भीती वाटायला लागली. गुडघा तेवढा परतला नाही. पट्टी बांधायचा आणि कुणाला दिसू नये म्हणून वरून माती चोळायचा.

कमिटीचे आबा ऐकायला तयार नव्हते. गावाचं नाव जातं, म्हणाले. शेवटच्या कुस्तीला त्यांनी दुसरीच जोड पुकारली. पैलवान तरी फडात उतरला. तळवा पुढे करून चालत आला आणि तांड्याची माणसं बसली होती तिथे थांबला. या वेळी "हाय कोनी" म्हणाला नाही. नुसता थांबला.

फुलसिंगने लगेच हात दिला नाही. बसून राहिला. तुम्ही तिथे असता तर तुम्हालाही वाटलं असतं, की हा आता उठत नाही. हलगीवाल्यांनी हात आवरले. एवढा मोठा पैलवान भर जत्रेत भिकाऱ्यासारखा तळवा पसरून उभा. माझ्या अंगाची लाही झाली. त्याच्या तोंडावर मात्र काही नव्हतं. थांबायचं तेवढं तो थांबला. मग फुलसिंग उठला, लुंगी सोडून बायकोच्या हातात दिली आणि पैलवानाच्या तळव्यावर असा हात मारला की आवाज पार जत्रेतल्या पाळण्यांपर्यंत गेला.

कुस्ती कशी झाली ते सांगायला माझं शिक्षण पुरत नाही. ऊन डोक्यावरून लिंबामागे गेलं. पैलवानाने त्याला दोनदा खाली घेतला, दोन्ही वेळा तो मासळीसारखा निसटला. माणसं बसलेली उभी राहिली, उभी राहिलेली ट्रॅक्टरवर चढली. मग फुलसिंगने ढाक लावली. म्हणजे समोरच्याला काखेत धरून आपल्या मांडीवरून फेकायचं. पैलवान अडला, पुरा अडला, पट्टीचा गुडघा मातीत रोवला, आणि तरी गेला. दोन्ही खांदे मातीला. मी आयुष्यात पहिल्यांदा त्याची छाती आभाळाकडे पाहिली.

तो उठला आणि त्यानेच फुलसिंगला खांद्यावर घेतलं. तांड्याच्या बाया ओवाळायला पुढे आल्या. तेवढ्यात भोंग्यावरून आबांचा आवाज आला. नुरा आहे, म्हणाले. नुरा म्हणजे आधीच आपसात ठरवून केलेली खोटी कुस्ती. पैलवान महिनोन्महिने तांड्यावर जातो, त्यांच्या ताटात जेवतो, हे आख्ख्या गावाने पाहिलंय, म्हणाले. दोस्ताला नाव दिलं.

पैलवानासाठी याहून वाईट काही नव्हतं. कुणाला हात द्यायचा तर आधी त्याच्या दारात जावं, ही त्याची समजूत. त्या जाण्याचाच लोकांनी पुरावा केला. फुलसिंग खांद्यावरून उतरला, बायकोच्या हातातली लुंगी घेतली आणि माणसांतून निघून गेला.

त्यानंतर पैलवानाला एकच नाद लागला. लग्न असो, बाजार असो, कनेरगाव नाक्याचा धाबा असो, तो लोकांना थांबवून फुलसिंगने आपल्याला कसं पाडलं ते सांगायचा. नुसतं सांगून भागायचं नाही, करून दाखवायचा. मला ओढायचा, म्हणायचा तू फुलसिंग हो, आणि माझ्या हाताने स्वतः पडायचा. जावयाला फुलसिंग केलं, बँकेच्या शिपायाला केलं, एकदा मत मागायला आलेल्या उमेदवाराला केलं. स्वतःच्या पडण्याची अशी जाहिरात करत फिरणारा पैलवान तुम्ही कुठे पाहिला असेल तर मला सांगा. लोक हसायचे. घरी जाताना म्हणायचे, पैलवानाचं मन किती मोठं. नुरा मात्र कुणाच्या डोक्यातून गेली नाही.

तर टाळलं का? टाळलं. मला विचारणाऱ्यांना मी तोंडावर सांगतो. पण टाळलेली जोड स्वतःच्या पायाने शोधत गेलेला मी एवढा एकच पाहिला. मोबाइलवरच्या डोंगरांपैकी कुणी गेला असेल तर पोरांनी मला दाखवावा.

गेल्या वर्षी त्याच्या छातीत पाणी झालं. खाटेला खिळला. अंग उतरलं, खांद्याची नुसती हाडं राहिली. लोक भेटून जात होते. एका सकाळी फुलसिंग आला, बायकोला घेऊन. त्याचेही केस पिकलेले. थोड्या वेळाने काठी टेकत आबा आले. हळदीच्या भावाचं बोलणं झालं, पावसाचं झालं. मग आबा चांगल्या मनाने म्हणाले, "पैलवान, तुमी लई मोठं काम केलं. सोताचं नाव उतरवून या गरिबाला नाव देलं. असं कोनी करत न्हाई."

फुलसिंग जमिनीकडे बघत राहिला. त्याच्या बायकोने पदर सारखा केला.

पैलवान मला म्हणाला, बसव. मी पाठीमागे हात घालून त्याला बसवलं. त्याने फुलसिंगला जवळ बोलावलं.

"मानेवर हात ठेव. दाब."

"राहू द्या पैलवान. दम लागंल."

"दाब म्हनलं."

फुलसिंगने हलकेच हात ठेवला. पैलवान चिडला. "लेकरू खेळवून राहिला का? दाब."

मग फुलसिंगने दाबलं. खरोखर दाबलं, त्याचा दंड मला फुगलेला दिसला. खाट करकरली. पैलवानाच्या मानेच्या शिरा तट्ट उभ्या राहिल्या, तोंड लाल झालं, आणि मान तसूभर खाली गेली नाही. डोळे आबांवर.

"आबा," तो तुटक्या दमाने म्हणाला, "म्या त्या कुस्तीत अंग कवा सोडलं? सांगा."

आबा खुर्चीवरून उठले. काठी त्यांनी भिंतीला लावली. जवळ येऊन त्यांनी ती मान आणि तो हात बघितला.

"फुलसिंग पैलवान," ते म्हणाले, "हात काढा आता."

फुलसिंगने हात काढला. आम्ही दोघांनी मिळून त्याला मागे निजवलं. पुढच्या आठवड्यात तो गेला. पण मला आठवते ती तीच सकाळ. त्याची पाठ खाटेला टेकली होती, डोळे मिटले होते, आबा जाऊन चहाही झाला होता, आणि मान अजून ताठ, उशीपासून वर. मी उशी दोनदा वर सरकवून पाहिली. मग हळूहळू, त्याला पाहिजे तेव्हा, डोकं टेकलं.