वाटीभर प्रसाद

देवीकडे लोक लेकरू मागतात, नोकरी मागतात, दुखणं बरं कर म्हणतात. मी विवळवेढ्याच्या महालक्ष्मीकडे निघाले होते ती माझ्या धाकट्या जावेचं उतरलेलं वजन परत वाढू दे, असं मागायला. हे लिहिताना आजही हात आखडतो. पण एवढंच लपवलं तर पुढचं सांगण्यात काही अर्थ राहणार नाही, म्हणून आधी तेच सांगून टाकते.

आमचं घर डहाणूत. मी तलासरी तालुक्यात झरीच्या शाळेत शिकवते आणि माझी जाऊ रोहिणी तलासरीलाच एका कचेरीत आहे. घर एक, स्वयंपाक एक आणि सकाळची बसही एक. आम्ही दोघी चांगल्याच जाड. तिघांच्या बाकावर आम्ही बसलो की तिसरं कुणी जवळ यायचं नाही, आणि त्याचं आम्हाला हसू यायचं. शिंप्याकडे दोघींचं माप एकच होतं; कुणीही एकीने जाऊन उभं राहावं आणि दोघींचे ब्लाउज शिवून आणावेत. संध्याकाळी घरी आलो की एकाच ताटात जेवायला बसायचो. माझा हात भाताकडे आणि तिचा सुकटीच्या चटणीकडे, असं बोलत बोलत कधी ताट रिकामं व्हायचं ते कळायचं नाही. लोक पाठीमागे काय म्हणतात ते दोघींना ठाऊक होतं. पण दोघी असल्यामुळे त्याचं काही वाटायचं नाही.

मला साखरेचा आजार जडला आणि रोहिणीचा झोपेत श्वास अडकायला लागला, तेव्हा आम्ही दोघी मिळूनच वापीच्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी दोघींना एकदमच समजावलं. जठराचा मोठा भाग काढून टाकायचा, मग थोडक्यात पोट भरतं. पण ही जादू नव्हे. खाणं कायमचं बदलेल, गोळ्या जन्मभर घ्याव्या लागतील आणि नियम मोडले तर वजन परत येऊ शकेल. विचार करून सांगा म्हणाले. बाहेर आल्यावर मी विचारबिचार न करता सांगून टाकलं की देवाने दिलेलं पोट कापून घेणं मला पटत नाही. खरं म्हणजे मी भ्याले होते. आणि मी नाही म्हटल्यावर रोहिणीही नाही म्हणेल, अशी माझी खात्री होती. ती मात्र बसमध्ये खिडकीबाहेर बघत हळूच म्हणाली, "ताई, मी करून घेते."

तिचं ऑपरेशन नीट पार पडलं. आधी पातळ पेज, मग वरणाचं पाणी, मग कुस्करलेलं अन्न. आमच्या घरातली लहान बाळाची चांदीची वाटी तिने काढली आणि त्या वाटीत ती जेवू लागली. एकेक घास चावून चावून. मी ताट घेऊन स्वयंपाकघरात ओट्यापाशी बसायला लागले. तिचं तिने घ्यावं, मला काय कळतंय तिच्या पथ्यातलं, असं म्हणून मी तिला वाढणंच सोडून दिलं. घरच्यांना वाटलं, मी तिच्या पथ्याची काळजी घेते. मला मात्र ती वाटी डोळ्यांसमोर नको होती.

तिचं वजन उतरत गेलं तसं माझं मन आंबत गेलं. बसमध्ये आमच्या बाकावर आता तिसरी बाई येऊन बसू लागली, आणि ती अर्थातच रोहिणीच्या बाजूने बसायची. हळदीकुंकवाला बायका तिला वळवून वळवून बघायच्या आणि मग माझ्याकडे बघून विचारायच्या, "तुम्ही नाही केलंत?" मी हसून सांगायची की मला काय गरज. घरी आल्यावर आरशासमोर जायचं टाळायची. तिचे केस गळत होते, दंडाची कातडी लोंबत होती, कधी एक घास जास्त झाला तर ती मोरीत ओकत बसायची. हे सगळं मला दिसत होतं, आणि खोटं कशाला बोलू, ते बघून मला बरं वाटायचं. एक दिवस तिने तिचे जुने पंजाबी ड्रेस धुऊन, इस्त्री करून माझ्या पलंगावर आणून ठेवले. म्हणाली, ताई, मापाचेच आहेत, चांगले आहेत अजून. तिच्या मनात काही नव्हतं हे मला तेव्हाही कळत होतं. तरी मी ते सगळे बोचक्यात बांधून माळ्यावर फेकले.

त्या श्रावणात आमच्याकडे सत्यनारायण होता. शिरा मी केला होता, तुपात रवा लाल होईपर्यंत भाजून, आमच्याच झाडाची केळी घालून. सगळ्यांना छोट्या द्रोणातून प्रसाद वाटला आणि रोहिणीपुढे मात्र मी स्वयंपाकघरातली मोठी वाटी भरून ठेवली. गोड तिला चालत नाही, आणि एवढं तर मुळीच नाही, हे मला तिच्याइतकंच पाठ होतं. प्रसाद न घेता उठलेल्या बाईचं काय झालं, तो अध्याय भटजींनी नुकताच वाचला होता. मी चार बायकांदेखत म्हटलं, "देवाचं आहे, नाही म्हणू नये." तिने एकदा वाटीकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. आणि ती खायला लागली. अर्धी वाटी संपायच्या आत तिचा चेहरा पांढराफटक पडला. अंगाला दरदरून घाम, छातीत धडधड, उभं राहवेना. दिराने तिला उचलून आत नेलं. ती दुपारभर ओकत आणि थरथरत पडून होती. घरात सगळे म्हणाले, बिचारीला प्रसादाला नाही म्हणवलं नाही. माझ्याकडे कुणी बोटही दाखवलं नाही, आणि मीही तोंड उघडलं नाही.

एवढ्यावर माझा जळफळाट थांबला असता तरी मी स्वतःला माफ केलं असतं. पण चैत्रात महालक्ष्मीच्या यात्रेला रोहिणी देवीचा मुसळ्या डोंगर चढून गेली. सगळ्या पायऱ्या, कुठे न बसता. वरून तिने फोटो पाठवला. मागे आभाळ, केस उडतायत, तोंडभर हसू. घरच्या सगळ्यांनी त्यावर काय काय लिहिलं. मी फोन पालथा ठेवला. यात्रेची गर्दी ओसरल्यावर एका मंगळवारी मी शाळेत रजा टाकली आणि घरात काही न सांगता महालक्ष्मीला निघाले. पायथ्याच्या देवळात न जाता डोंगरावर, देवीच्या मूळ जागी चढूनच मागायचं, असं ठरवलं होतं, म्हणजे देवी नाही म्हणणार नाही. कडक उपास धरला होता, पण साखरेच्या आजाराची गोळी सवयीने घेतली होती; उपाशीपोटी ती रक्तातली साखर एकदम खाली नेते. एका शिक्षिकेला एवढी साधी गोष्ट कळू नये.

अर्ध्यावरही पोचले नाही. आधी गुडघे बोलायला लागले, मग हात कापायला लागले, मग डोळ्यांपुढे पायऱ्या हलायला लागल्या. मी एका झाडाच्या बुंध्याशी बसले. फोन काढला, पण बोटं ऐकेनात. आजूबाजूला चिटपाखरू नव्हतं. त्या वेळी मनात आलं ते लिहिते: आपण इथेच गेलो तर सगळे म्हणतील, रोहिणी चढली आणि ही चढू शकली नाही. मरतानाही माझी तुलना सुटत नव्हती.

वरून एक बाई उतरत आली. आमच्याच भागातली, उतारवयाची, काटक, आखूड लुगडं, डोक्यावर रिकामा हंडा. वरच्या दुकानात पाणी पोचवून ती परतत असावी. तिने मला काही विचारलं नाही. हंडा खाली ठेवला, माझ्या कपाळाला हात लावला आणि पदराची गाठ सोडली. आत वरून आणलेला प्रसाद होता, खोबऱ्याचे तुकडे आणि गूळ. त्यातला सुपारीएवढा गुळाचा खडा तिने माझ्या तोंडात घातला आणि माझी पाठ चोळत बसली. थोड्या वेळाने हात कापायचे थांबले, आणि जीवात जीव आला तसा माझा हात आपोआप तिच्या पदराकडे गेला. तिने गाठ बांधून टाकली. म्हणाली, "बस झाला, बाय. परसाद चिमटीनंच घ्यायचा असतो."

मला रडूच फुटलं. ते भरलेल्या वाटीचं रडू होतं, हे तिला काय ठाऊक. तिला वाटलं, वर जाता आलं नाही म्हणून मी रडते. तिने मला आमच्याकडच्या पोरासोरांना ठाऊक असलेली गोष्ट सांगितली. पोटुशी बाई देवीला भेटायला डोंगर चढत होती, चढवेना, वाटेत पडली. तेव्हा देवी म्हणाली, तू नको येऊस, मीच खाली येते. म्हणून देऊळ पायथ्याशी आहे. मग ती म्हणाली, "चढनाऱ्यांसाठी ती वर व्हतीच. उतरली ती जिला चढवत नाय तिच्यासाठी." माझा हात धरून तिने मला एकेक पायरी उतरवलं, देवळाच्या दारात सोडलं आणि हंडा उचलून निघून गेली. तिचं नावही मी विचारलं नाही. कुणाला ती साधी पाणी वाहणारी बाई वाटेल, आणि ती तशीच असेल. मला त्यावर वाद घालायचा नाही.

देवीसमोर उभी राहिले तेव्हा जे मागायला आले होते ते तोंडातून निघेना. मी नुसतं म्हणाले, आई, माझ्याच्याने हे पोटातलं दुखणं उतरत नाही, तूच काय ते बघ.

ऑपरेशनचा निर्णय मी त्या दिवशी घेतला नाही. आधी मी स्वतःला विचारत राहिले की हे रोहिणीसारखं दिसायला करायचं आहे की माझ्या साखरेसाठी. महिना दीड महिना लागला. डॉक्टरांकडे परत गेले, तपासण्या झाल्या, आणि माझी साखर कुठवर पोचली होती ते कळल्यावर उत्तर मिळालं. मनात मत्सर उरला नव्हता असं म्हणणार नाही. तो बरोबर घेऊनच मी ऑपरेशनला गेले.

घरी आल्यावर रोहिणीने पंधरा दिवस रजा काढली. तीच चांदीची वाटी घासून तिने माझ्यासाठी भरली आणि चमच्याने पेज पाजू लागली. एक चमचा, मग थांबायचं. मी घाई केली की चमचा मागे घ्यायची. तिसऱ्या की चौथ्या दिवशी मला ते सोसेना. मी म्हटलं, तुला तो शिरा मी मुद्दाम दिला होता. प्रसादाचं नाव घेऊन दिला होता. तुला त्रास व्हावा म्हणूनच.

तिने चमचा वाटीत ठेवला. "ठाऊक आहे, ताई. बाकीच्यांना द्रोण होते."

मी विचारलं, मग खाल्लास कशाला.

तिने चमचा पुन्हा भरला. मग म्हणाली, "ऑपरेशन झाल्यापासून तुम्ही पहिल्यांदाच मला वाढलं होतंत."

आता दोन वर्षं झाली. माझी साखर आवाक्यात आहे, केस विरळ झालेत, दंड लोंबतात, आणि लग्नाच्या पंगतीत जिलबीचं ताट पुढून गेलं की अजून जीव कासावीस होतो. माझं वजन रोहिणीपेक्षा कमी उतरलं आणि त्याचंही मला मधूनमधून वाईट वाटतं; तेव्हा मी तिला तसं सांगून टाकते आणि ती हसते. माळ्यावरचं बोचकं मी काढलं. त्यातला एक मुळात तंग शिवलेला ड्रेस आता मला होतो, बाकीचे फार सैल झाले.

डोंगर मी अजून चढलेली नाही. गुडघे नको म्हणतात. यंदा यात्रेत रोहिणी म्हणाली, तीही वर जाणार नाही. आम्ही दोघी खालच्याच देवळात गेलो, पायरीवर बसलो, आणि तिने खोबऱ्याचा एक तुकडा मोडून अर्धा माझ्या हातावर ठेवला. ती पाणीवाली बाई पुन्हा कधी दिसली नाही. पूर्वी मला वाटायचं, देवी माझ्यासाठी त्या दिवशी डोंगरावरून उतरली. आता वाटतं, ती त्याआधीच, आमच्याच घरात, माझ्या हातची वाटी घेऊन बसली होती, आणि मी तिला ओळखलं नव्हतं. आई, तुझे उपकार. यापुढे मी फक्त वाढावं, आणि किती ते तू ठरवावंस.