मोटरीचं आंगडं

निकिता माझी विद्यार्थिनी. परभणीच्या आमच्या कॉलेजात इतकी हट्टी मुलगी मी पाहिली नाही, आणि हट्टी माणसं मला मुळात आवडत नाहीत. तिचा विषय कायम चुंबकाच्या मोटरी. मोटर बांधण्याआधी ती संगणकात उभी करायची, तिचे बारीक बारीक तुकडे पाडायचे आणि प्रत्येक तुकड्यात चुंबकाचा जोर किती, ते काढायचं. दिवसभर तेच, जेवणाचीही शुद्ध नसायची.

हे सगळं बापासाठी. पेडगावचे आश्रुबा शेळ्यांना पाला तोडताना कडुलिंबावरून पडले आणि कमरेखाली लुळे झाले. लेकीनं त्यांच्या तीनचाकी गाडीला मोटर बसवून दिली. पहिल्यांदा एकटे रानात जाऊन आले तेव्हा आश्रुबा बायकोला म्हणाले, "कडू, आता मला कुणी उचलायचं न्हाई बरं का." आणि रडले.

कडूबाईला वस्तू उघडी ठेवलेली खपत नाही. मिक्सर, टीव्ही, शिलाई मशीन, सगळ्यांना तिनं जुन्या लुगड्यांची आंगडी शिवलेली. मोटरीलाही शिवलं, वाकळीसारखं जाड, नाड्या लावून, धूळ जाऊ नये म्हणून. निकिता परभणीत होती. तिला हे कोण कशाला सांगेल?

मे महिन्यातल्या एका दुपारी रानातून परतताना गाडी वाटेतच बंद पडली. वाटेवर चिटपाखरू नव्हतं. फोन घरी चार्जिंगला लावलेला. आश्रुबांना खाली उतरता येत नव्हतं, सावली समोर दिसत असून गाठता येत नव्हती. माणसं पोचली तेव्हा सगळं संपलं होतं.

दहावा झाल्यावर निकिताला दोरीवर वाळत घातलेलं ते आंगडं दिसलं. तिनं विचारलं तर कडूबाई म्हणाली, "मोटरीचं हाय. मीच शिवलं व्हतं. गाडी आणली तवा लय मळलं व्हतं, धुऊन टाकलं."

निकिता मोटर घेऊन कॉलेजात आली आणि उघडली. आतली चुंबकं तापून निकामी झाली होती. तिच्या मॉडेलमध्ये मोटरीला मोकळी हवा होती. आता तिनं त्यात जाड कापड घातलं, मेचं ऊन घातलं, रानाची चढण घातली. पडद्यावर चुंबक तापत गेलं, जोर उतरत गेला आणि चाक थांबलं. मॉडेल कुठंच चुकलं नव्हतं. एरवी असा निकाल लागला की आम्ही चहा मागवायचो.

"आईला खरं सांग," मी म्हटलं.

"मॅडम, मग ती जगंल का?"

तेराव्याला कडूबाईनं भावकीसमोर विचारलंच, "का गं, मोटर का बंद पडली?"

"माझं गणित चुकलं, आई."

"एवढी शिकलीस अन् बापाचंच गणित चुकलीस व्हय?"

तेव्हापासून मायलेकीत बोलणं नाही. मला निकिताचा राग येतो आणि मायाही वाटते. ती मात्र सणावाराला पेडगावला जातेच. कडूबाई ताट वाढते, पाठ फिरवून बसते आणि शेजारच्या सुमनबाईला सांगते, "म्या त्या मोटरीला लेकरावाणी जपलं व्हतं बाई. हिनंच करताना काहीतरी कसर ठेवली."

निकिता मान खाली घालून जेवत राहते.