नीलांबरीचे शेवटचे रिव्हेट

अमेरिकेत फ्रीमाँटमधला रिटायर झालेला मराठी माणूस एकतर मंडळाच्या कमिटीत शिरून भांडतो, नाहीतर परसात टोमॅटो लावून ते शेजाऱ्यांच्या गळ्यात मारतो. गुरुनाथ दिघेनं दोन्ही केलं नाही. आयुष्यभर पंपांची डिझाइनं करून झाल्यावर तो खाडीकाठच्या एका म्युझियमच्या हँगरमध्ये जुनं विमान फुकटात दुरुस्त करायला जाऊ लागला, आणि जाताना बायकोलाही घेऊन गेला. लोकांना विषय मिळाला. "दिघेकाका, काकूंना हवाईला न्यायचं सोडून हँगरला काय नेता?" हे त्याला सत्यनारायणापासून दिवाळी पार्टीपर्यंत सगळीकडे ऐकावं लागे.

विमान साधंसुधं नव्हतं. कॅटालिना, म्हणजे दुसऱ्या महायुद्धातली उडती बोट. समुद्रावर दूरवर गस्त घालील आणि धावपट्टी नसेल तिथे पाण्यावर उतरेल असं काहीतरी अमेरिकेच्या नौदलाला युद्धाआधीच हवं होतं, त्यातून हे खाली होडी नि वर पंख असलेलं बेंगरूळ ध्यान तयार झालं. वेग बेताचाच. पण ते दिवसदिवस हवेत राहायचं, पाणबुड्या हुडकायचं, आणि पडलेल्या विमानांतली पोरं समुद्रात तरंगत असायची, त्यांना उचलून आणायचं. त्याच्या बायकोला, नीलांबरीला, युद्धाशी काही देणंघेणं नव्हतं. ही उचलून आणण्याची गोष्ट मात्र तिच्या मनात बसली होती.

ती जेमतेम पावणेपाच फुटांची. सासरी उंचीवरून बोलणी खाल्ली, हॉस्पिटलच्या लॅबमध्ये सगळी नोकरी स्टुलावर चढून केली. या हँगरमध्ये मात्र तिच्या चणीला भाव आला. विमानाचा पत्रा रिव्हेट, म्हणजे टोक चेपून बसवायचे खिळे, मारून जोडायचा तर दोन माणसं लागतात. एक बाहेर रिव्हेट गन घेऊन, आणि दुसरं आत, रिव्हेटच्या टोकावर लोखंडी ठोकळा दाबून धरून. ठोकळा घट्ट बसला तरच टोक नीट चेपतं आणि पाणी अडतं. तळाच्या अरुंद कप्प्यांत शिरेल असं तिच्याशिवाय कोणी नव्हतं. तिथल्या कामाचा मुख्य अर्ल, एक म्हातारा मेकॅनिक, सांगायचा की युद्धात कारखान्यांतसुद्धा अशा अडचणीच्या जागी छोट्या चणीच्या बायकाच जायच्या. हे ऐकल्यापासून नीलांबरी जरा ताठ चालायला लागली.

गुरुनाथ बाहेर, ती आत. एकमेकांना दिसायचं नाही. आतून पत्र्यावर एकदा टकटक म्हणजे झालं, दोनदा म्हणजे पुन्हा मार. घरी चहा आणि भाजीपलीकडे न बोलणारी ही दोघं तिथे दिवसभर बोलत असत. अशी बरीच वर्षं गेली, आणि ती त्यांच्या संसारातली सगळ्यात चांगली वर्षं होती.

मग तिच्या हातांतली ताकद जायला लागली. आधी बरण्यांची झाकणं उघडेनात, मग साडीच्या निऱ्या धरवेनात. डॉक्टरांनी स्नायूंच्या आजाराचं एक लांबलचक नाव सांगितलं, औषध काही सांगितलं नाही. हँगरमध्ये जाणं बंद करू या, असं गुरुनाथनं सुचवलं तेव्हा ती म्हणाली, "अहो, स्वयंपाक सोडला, ड्राइव्ह करणं सोडलं. एवढं राहू द्या. मला ते एकदा पाण्यात बघायचंय."

राहू दिलं. त्या वर्षी त्यांच्याकडे पायरीजवळचा भाग होता. उडत्या बोटीच्या तळाला मधोमध एक पायरी असते. ती नसेल तर उडताना पाणी विमानाला सोडतच नाही. जागा मोठी जोखमीची. आत ठोकळा निसटला की बाहेर गनचा आवाज लगेच बदलायचा. भरीव ठोका जाऊन पोकळ खडखड यायची. जन्मभर यंत्रांचे आवाज ऐकलेल्या माणसाला ते न कळण्याची सोय नव्हती. आणि आतून एकच टकटक यायची. झालं. गुरुनाथ मुकाट्यानं पुढच्या भोकाकडे वळायचा. त्या भागाची तपासणी त्याच्याकडेच होती, आणि दिघे बघतोय म्हणून अर्ल बघत नव्हता.

ती जाऊन दोन वर्षं झाली. यंदा विमान एकदा खाडीत तरंगवायचं ठरलं. त्याआधी तळाच्या कप्प्यांत पाणी भरतात आणि बाहेरून कुठे गळतं ते बघतात. अर्ल खडू घेऊन खाली शिरला. पुढचा भाग नीलांबरीच्या धडधाकट दिवसांतला, तिथे थेंब नव्हता. पायरीजवळ मात्र तो गळक्या जागांभोवती गोल काढत सुटला. काही वेळानं त्यानं खडू खिशात टाकला. हे कोणाच्या हातचं, कधीचं काम, ते त्याला कळलं होतं.

"नाही तरंगवलं तर काय बिघडतं?" तो जमिनीकडे बघत म्हणाला. "हॉलमध्ये स्टँडवर ठेवू. लोक फोटो काढतील. गळतं का, हे कोण विचारणार? पाण्यात सोडायचं तर हे सगळे रिव्हेट ड्रिल करून काढावे लागतील. तू ठरव."

संध्याकाळी गुरुनाथनं लांब एडिसनला राहणाऱ्या लेकीला, इशिताला फोन केला. "बाबा, जस्ट लीव्ह इट," ती म्हणाली. "आईचं ते लास्ट काम आहे. टच पण नका करू, प्लीज." आणि तिनं फोन ठेवला.

गुरुनाथलाही अगदी तेच हवं होतं. त्या वर्षाच्या बाकीच्या आठवणी म्हणजे गोळ्या आणि व्हीलचेअर. तिच्या हातून झालेलं असं एवढंच होतं. पण रात्रभर त्याचा संताप होत राहिला, आधी अर्लवर, मग स्वतःवर. तिनं खोटं सांगितलं, त्यानं चालवून घेतलं. प्रेमापोटी घेतलं, कबूल. पण तिला विमान पाण्यात बघायचं होतं, आणि आता दोघांची ही लबाडीच त्या विमानाला जन्मभर हॉलमध्ये बसवून ठेवणार होती. सकाळी त्यानं अर्लला सांगितलं, "काढू या."

ड्रिल त्यानंच केलं, दुसऱ्या कोणाला हात लावू दिला नाही. नवे रिव्हेट मारताना प्रश्न आला, आत कोण जाणार? तिच्या आजारपणात उतरलेलं गुरुनाथचं वजन परत भरलंच नव्हतं. तो मावला. इतकी वर्षं बाहेर उभा राहिलेला माणूस पहिल्यांदाच आत गेला. गुडघे हनुवटीला टेकलेले, पाठीत पत्र्याची कड रुतलेली, हात वळायला जागा नाही. अर्लनं गन चालवली तसा हादरा थेट खांद्यात गेला आणि ठोकळा निसटला. त्याचे दोन्ही हात धड होते, तरी निसटला.

"नीलू, सांगायचंस ना गं," तो मोठ्यानं म्हणाला. पण ती कशी सांगणार? सांगितलं असतं तर त्यानं तिला घरी बसवलं असतं.

ऑक्टोबरात विमान उतारावरून खाडीत गेलं आणि छान तरंगलं. मंडळातले चारजण फोटो काढायला आले होते. इशिताही आली होती, पण काठावर लांब उभी होती; बापाशी अजून धड बोलत नव्हती. अर्लनं गुरुनाथला आत बोलावून पायरीवरची फळी उचलली. "हात लाव," तो म्हणाला. गुरुनाथनं वाकून हात लावला. पत्रा कोरडा ठणठणीत होता. अर्लनं त्याची पाठ थोपटली. काम चोख झालं होतं, आणि नीलांबरीच्या शेवटच्या वर्षातलं आता कुठेच काही उरलं नव्हतं. कोरड्या पत्र्यावर हात तसाच ठेवून गुरुनाथ ढसाढसा रडला.